टेकू

"मागचा उजवा आला का?" बाईंनी कठड्याबाहेरून विचारलं.

"आला. डावा येतोय," मोतद्दार म्हणाला.

तांबडी घोडीनं मागचा डावा पाय ओढत आणला. खूर जमिनीवर मांडलेल्या दांड्याला लागला, दांडा जरासा गडगडला आणि पाय कसाबसा पलीकडे पडला. मोतद्दार तिच्या डाव्या अंगाला, मानेशी लागून, दोर हातात धरून उभा होता. तो पुढच्या दांड्याकडे निघाला तशी तीही निघाली.

शेडच्या सावलीत नालवाला दुसऱ्या एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन तासत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मामा, हळदीच्या पावलांनी चाललायत की दोघं."

"तू तुझा खूर बघ."

"बघतोच आहे. डॉक्टर शनिवारी येणार ना? घोडामैदान जवळच आहे म्हणायचं."

बाई हसल्या. मोतद्दारही हसला असता, पण हसायचं राहून गेलं. हल्ली त्याच्या बऱ्याच गोष्टी अशा राहून जात. बायको गेल्यापासून तो वेळेवर उठत होता, वेळेवर कामावर येत होता, दाणा, पाणी, खरारा, सगळं करत होता. फक्त समोरच्याचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येई. सुरुवातीला लोकांनी धीर दिला. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तेच अवघडले आणि गप्प झाले.

घोड्यावर बसायला शिकवणारी ही छोटी शाळा बाईंची. नवीन आलेल्या पोराला पहिल्यांदा बसवायचं ते तांबडीवर, असा तिथला रिवाज. ती कधी उधळली नाही, कधी कुणाला पाडलं नाही. पण थंडी सुरू व्हायच्या सुमारास एकदा पाठीवर कुणी नसताना, नुसती वळताना ती मागून घसरली. डॉक्टरांनी येऊन तपासलं. त्यांनी तिचा एक मागचा पाय उचलून दुसऱ्याच्या पुढे आडवा ठेवला. दुसऱ्या कुठल्याही घोड्यानं तो लगेच सरळ केला असता. तांबडी तशीच उभी राहिली, जणू तो पाय शेजाऱ्याचा होता.

"दुखत नाहीये तिला," डॉक्टर म्हणाले. "दुखत असतं तर बरं झालं असतं. मागे आपल्याला पाय आहेत, हेच तिला कळेनासं झालंय."

मग त्यांनी व्यायाम सांगितले. सगळे जमिनीवरचे, पाठीवर खोगीरसुद्धा न घालता. जमिनीवर दांडे मांडून त्यांवरून चालवायचं. सरळ रेषेत मागे मागे न्यायचं. पुढचे पाय जागेवर ठेवून मागचा भाग गोल फिरवायचा, म्हणजे एक पाय दुसऱ्यापुढून टाकावाच लागतो. चढावर न्यायचं. चालता चालता शेपूट हलकेच एका बाजूला ओढायची, म्हणजे तोल राखायला तिला पाय रोवावे लागतात. शेपटीचं काम बाईंनी घेतलं, बाकीचं मोतद्दाराकडे आलं.

"आणि फरक नाहीच पडला तर?" बाईंनी विचारलं होतं. "नुसती चरायला सोडली तर?"

"एकटी कुठे पडली तर उठणार कशी? उठायला मागचेच पाय लागतात. तिला तसं तडफडत ठेवायचं नाही." पुढचं डॉक्टर बोलले नाहीत, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं.

फरक पडला. दांडे पडायचे कमी झाले. गोल फिरताना पाय पायात अडकायचा तो अडकेनासा झाला. बाई आल्यागेल्याला सांगू लागल्या की मामांनी घोडी परत आणली.

आई गेल्यापासून मुलगी त्याच्याकडे येऊन राहिली होती. शनिवारच्या दोन दिवस आधी ती कपडे धुवायला बसली आणि तिनं आतूनच हाक मारली.

"बाबा, हे शर्ट तुम्ही धुता म्हणजे नुसते बुडवून काढता का? याच्या खांद्याची चाळण झालीये."

"जुना असेल."

"जुना कुठला? आईनंच घेतलाय, मागच्या वर्षी. आणि हे केस बघा. विणून काढल्यासारखे बसलेत. नुसत्या उजव्या खांद्याला. डावा कोरा करकरीत." ती ओला शर्ट घेऊन बाहेर आली. "घोडीला खांद्यावर घेऊन फिरवता की काय?"

ती थट्टेत म्हणाली आणि तो हसतो का ते पाहत उभी राहिली. त्यानं शर्ट घेतला, खिडकीपाशी नेला. मग खुंटीवरचा दुसरा काढून पाहिला. त्याचाही उजवा खांदा विरला होता.

बायको होती तोवर कपडे ती धुवायची. शर्टावरून तिला त्याचा दिवस वाचता यायचा. बाही फाटली की, "आज कोण चावलं?" पाठीला चिखल असला की, "पडलात, आणि मला सांगणार नव्हता." ती असती तर पहिल्याच आठवड्यात खांदा दाखवून तिनं विचारलं असतं. तो स्वतः मात्र शर्ट बादलीत बुडवायचा आणि न बघता वाळत टाकायचा.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"काही नाही."

"आई गेली त्या दिवशीही काही नाहीच म्हणालात."

तिनं त्याच्या हातातून शर्ट काढून घेतला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी रिंगणात कुणी नव्हतं. तो नेहमीसारखा तांबडीच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि तिला फिरवताना हातभर लांब सरकला. ती चालता चालता त्याच्याकडे कलत आली, तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला, मग तिनं मागचा पाय टाकला. तो पुन्हा सरकला. तिचा मागचा भाग वाऱ्यावरच्या दारासारखा डुलला. त्यानं पटकन पुढे होऊन खांदा दिला. ती स्थिर झाली, आणि निश्चिंतपणे फुरफुरली.

तो तिला शेडमध्ये घेऊन गेला.

शनिवारी डॉक्टर कठड्याला रेलून बघत होते. तांबडी दांड्यांवरून गेली. सरळ मागे आली. गोल फिरली, पायापुढून पाय टाकत.

"मला वाटलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "खरंच सांगतो, नव्हतं वाटलं. हलकं वजन द्यायला आता हरकत नाही."

"सोमवारी ती नवी मुलगी येतेय, लहानखुरी आहे," बाई म्हणाल्या. "तिलाच बसवू."

मोतद्दार दोर धरून उभा होता. तांबडी त्याच्या खांद्याला टेकली होती.

"बाई," तो म्हणाला, "एकदा तुम्ही न्या. उजवीकडून."

"आता कशाला? झालं की सगळं."

"एकदा न्या."

"इथंच तुमचं घोडं पेंड खातं, मामा. चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही," बाई म्हणाल्या, पण आत येऊन त्यांनी दोर घेतला. मोतद्दार लांब, कठड्यापाशी गेला.

बाईंनी तिला उजवीकडून धरून चालवलं. तांबडीनं डावीकडे अंग टाकलं. तिथे कुणी नव्हतं. मागचे दोन्ही पाय एकमेकांत गेले आणि ती डाव्या पुठ्ठ्यावर बसली, कुत्रं बसतं तशी. उठायला गेली, पुन्हा बसली. शेवटी बाई आणि डॉक्टरांनी मिळून तिला उभं केलं. पडली कशी, हे तिलाही कळलेलं नसावं. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी तिला चालवत नव्हतो," मोतद्दार म्हणाला. "टेकू देत होतो. माझ्याही परवाच लक्षात आलं."

डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले आणि बुधवारी सकाळी येतो म्हणून गेले.

संध्याकाळी तो दाणा भिजवत होता तेव्हा बाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"सोमवारी पोरगी बसणार होती."

"ते माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तरी विचारतेय."

त्यानं भिजलेला दाणा हातानं वरखाली केला. बाई निघून गेल्या.

बुधवारी डॉक्टर आले तेव्हा मुलीनं सकाळीच दिलेला नवा शर्ट त्याच्या अंगात होता. शेडमागच्या मोकळ्या जागेत गवत ओलं होतं. बाई आल्या, तांबडीच्या कपाळावरून हात फिरवला आणि परत गेल्या. "मला नाही जमायचं, मामा," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेटी उघडली, सुई भरली. तांबडी त्यांच्या हाताकडे बघत होती, खायला काही असेल म्हणून.

"ताबडतोब होतं हे," डॉक्टर म्हणाले. "पण घोडा मोठं जनावर. कुठल्या बाजूला कलेल, काही अंदाज?"

"डावीकडे."

"नक्की?"

"मी उभा आहे तिकडं."

"मग तिथून बाजूला व्हा, मामा. पलीकडे या, माझ्यामागे."

तो लगेच हलला नाही. डॉक्टरांनी घाई केली नाही. मग त्यानं एका हातातला दोर दुसऱ्या हातात घेतला, तिच्या मानेखालून वाकून पलीकडे गेला आणि उभा राहिला. तांबडीनं मान वळवून तो कुठे गेला ते पाहिलं, आणि पुन्हा समोर बघू लागली.

"हं," तो म्हणाला. "घ्या करून."