लघवीच्या गोळ्या

आमच्या घरात एखाद्यापासून काही लपवायचं असलं, की सगळे त्याच्याशी फार गोड बोलायला लागतात. सासऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि त्या दिवसापासून घरभर नुसता गोडवा.

बापू रेल्वेत गार्ड होते. कराडचा माणूस, बदलीवर जयपूरला आला आणि निवृत्तीनंतर तिथल्याच खातीपुऱ्यात राहिला. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, स्वप्नीलला, एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं: स्टिलबेस्ट्रॉल देऊ. जुनं औषध आहे, कृत्रिम स्त्री-हार्मोन. पूर्वी परदेशात गुराकोंबड्यांच्या खाद्यात घालायचे, अंग भरावं म्हणून. यांचीही छाती भरेल, तेवढं आधी सांगून ठेवा.

सांगणार कोण? सासूबाई म्हणाल्या, "कॅन्सर म्हटलं की हाय खातील ते." स्वप्नीलने मान डोलावली. शरीर त्यांचं आहे, त्यांना कळू दे, असं मी म्हटलं, तर माझा हात माझ्याच मुलाच्या, तन्मयच्या डोक्यावर ठेवायला लावून मला शपथ घातली. असली माणसं. गोळ्यांना नाव दिलं लघवीच्या गोळ्या.

थंडीत गच्चीवर उघड्या अंगाने तेल चोळत बसायचं, हा बापूंचा थाट. रेल्वेच्या संघातून कबड्डी खेळलेला माणूस, छाती दाखवायची हौस होती आणि ती होतीही दाखवण्यासारखी. जानेवारीत शेजारचे शेखावतजी कठड्यावरून हसत म्हणाले, "बापूजी, आप तो भाभीजी से भी आगे निकल गए." बापूही हसले. तेलाची वाटी घेऊन खाली आले, ते पुन्हा वर गेले नाहीत.

मग स्वेटर आला. होळी झाली, एप्रिल उजाडला, इथल्या त्या उन्हात हा माणूस स्वेटर घालून बसलेला. "वय झालं, थंडी वाजते," सासूबाई म्हणायच्या. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं.

त्याआधी, होळीच्या सुमारास, एकदा बापू स्वयंपाकघरात आले. खाली बघत म्हणाले, "भार्गवी, ह्या गोळ्यांनी काय काय होतं गं?"

तन्मय तिथेच पोहे खात होता. "डॉक्टरांना विचारू या, बापू," एवढंच माझ्या तोंडून निघालं. स्वप्नीलला म्हटलं, आता तरी सांग. तो म्हणाला, "मतलब, इतक्या महिन्यांनी काय सांगायचं?"

जूनमध्ये त्यांची पाठ धरली. तपासण्या झाल्या. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सरळ बापूंनाच विचारलं, "गोलियां ले रहे हैं ना?"

"होली के बाद बंद कर दी."

"न विचारता, बापू?" स्वप्नील ओरडलाच.

"लघवी साफ होत होती. मग कशाला घ्यायच्या?"

डॉक्टरांनी आधी आमच्या तिघांकडे पाहिलं, मग बापूंकडे. "वो कैंसर की दवा थी. आपको किसी ने बताया नहीं? अब हड्डियों में फैल गया है."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बापूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते स्वप्नीलकडे वळले. आवाज अजिबात चढला नाही.

"नुसत्या लघवीसाठी बाईमाणूस कशाला व्हायचं, म्हणून सोडल्या रे. जिवासाठी आहेत म्हणाला असतास, तर साडी नेसून भर बाजारातून फिरलो असतो."