यजमानाचे दोन गुडघे

मित्रांनो, मी एक जुना चॉकलेटांचा डबा आहे. सर्बियातल्या खेड्यात चॉकलेटं दुपारपर्यंत टिकतात आणि गुडघेदुखी जन्मभर, म्हणून घरच्या मालकीणबाई वुकोसावाबाईंनी मला औषधांचा डबा केलं. माझा मान वाढला. शेजारणी कॉफीला येत आणि डॉक्टरला विचारायचं ते माझं झाकण उघडून ठरवत.

माझ्यात दोन मातब्बर वेदनाशामकं होती: मुलीने जर्मनीहून धाडलेलं आयबुप्रोफेन आणि गावातल्या दुकानातलं डायक्लोफेनॅक.

घराण्याच्या संताचा सण जवळ आला. त्या दिवशी यजमान खाली बसत नाही. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत उभ्याने वाढतो. आमचे यजमान, म्हणजे बाईंचे नवरे मिलिसाव, सत्तरी ओलांडलेले, गुडघे दोन्ही कामातून गेलेले.

"ही घे, मिलिसाव. जर्मन आहे," वुकोसावाबाई म्हणाल्या.

"जर्मन गोळी जर्मन गुडघ्याला!" शेजारीण स्तोयांका म्हणाली. "डायक्लोफेनॅक दे. एका गोळीत माझा नवरा फेर धरून नाचला."

"त्याला गोळी कशाला लागते? बाटली पुरते की!" वुकोसावाबाई म्हणाल्या.

मिलिसावनी न्याय केला: एक गोळी डाव्या गुडघ्याला, दुसरी उजव्याला. आठवडाभर आधीपासून दोन्ही सुरू केल्या, रिकाम्या पोटी, वर आलुबुखाराच्या दारूचा पेला. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, ते त्यांनी कोणालाच कळू दिलं नाही. डॉक्टर सणाला उभं राहू देणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

सणाला ते ताठ उभे राहिले. सूप वाढून झालं, मटण आलं आणि मिलिसाव ताटासकट कोसळले.

इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, या दोघी सख्ख्या बहिणी. दुखणं दोघी दाबतात, पोटात जखमा दोघी करतात. जोडीने घेतल्यात, त्यात दारू."

"पण चांगली कोणती?" मिलिसावनी विचारलं.

"कमी डोसात आयबुप्रोफेन पोटाला त्यातल्या त्यात सोसतं. डायक्लोफेनॅक हृदयालाही जड. काळं व्हायचं ते पोटातलं रक्तच, तुम्हाला दोन्ही बंद."

पुढच्या सणाला वुकोसावाबाईंनी मिलिसावसाठी दारातच खुर्ची मांडली. एक म्हातारे चुलते गरजले, "यजमान बसलाय?"

"बसलाय. आडवा हवा होता का, काका?" बाई म्हणाल्या.

काकांनी ताट पुढे केलं.

मित्रांनो, दोन्ही गोळ्या माझ्यात एकत्र ठेवायला माझी हरकत नाही. मी पत्र्याचा आहे. पण पोटात घालण्यापूर्वी डॉक्टरला विचारा. मला विचारू नका.