लाल कागद नसलेले दार

ग्वोंच्या गल्लीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक स्कूटरी आडव्यातिडव्या टाकून आत घुसत होते. घुसता न आलेले खिडकीच्या गजांना नाक लावून उभे होते. आतल्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे, उदबत्त्या रोवायचे पितळी धूपपात्र पेटले होते. नुसता धूर नव्हता, चांगली हातभर ज्वाळा उठली होती. थांग गुरुजींनी सोळा दिवसांपूर्वी सांगून ठेवले होते, "एकवीस दिवसांच्या आत तुमचं पात्र बोलेल." आणि आता ते बोलत होते.

"सोळाव्या दिवशी बोललं," शेजारच्या पेंग काकू गुडघे टेकून म्हणाल्या. "मी रोज विचारत होते, आज बोललं का, आज बोललं का."

युए-श्या स्वयंपाकघरातून ओला टॉवेल घेऊन धावली, तर नवऱ्याने तिचे मनगट धरले.

"विझवू नकोस. गुरुजी येईपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि घर पेटलं तर?"

"पूर्वज स्वतःचं घर कशाला पेटवतील?" छिंग-फू म्हणाला.

देव्हाऱ्याचे छत काळे पडत होते. युए-श्या ओला टॉवेल हातात धरून उभी राहिली. तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने इतक्या ठामपणे एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि सांगितली ती ही.

गुरुजी पाव तासात पांढऱ्या व्हॅनमधून आले. अंगात हिरवा रेशमी डगला, एका खिशात जपमाळ, दुसऱ्यात दोन फोन. ज्वाळा तोवर खाली बसली होती. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि पलीकडून कोणी बोलत असल्यासारखे हुंकार भरायला सुरुवात केली.

"कोण आलंय? मोठे ग्वो आलेत. काय म्हणता? दारात उभं करून ठेवलंय म्हणता? हो, हो. सहा महिने ओसरीवर बसलोय म्हणता. आत घ्या म्हणता. धुराने डोळे चुरचुरतात म्हणता."

युए-श्याचे सासरे हयात असताना दिवसाला चार शब्द बोलत, त्यातले दोन जेवणाबद्दल. मेल्यावर त्यांना एवढी वाचा फुटावी याचे तिला नवल वाटले. पण सासूबाई पुढे सरकल्या होत्या. यू-चान सासूबाईंना पंचाहत्तरावे लागले होते, आणि 'डोळे' हा शब्द ऐकताच त्यांचा हात आपसूक चेहऱ्याकडे गेला होता.

"माझे डोळे, गुरुजी?"

"तुमचे आणि त्यांचे वेगळे का आहेत? त्यांना चुरचुरतं म्हणून तुम्हाला दिसत नाही."

सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, आणि येत्या गुरुवारी च्यायी शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरलेली. गुरुजींना हे कसे कळले याचे गल्लीला कोडे पडले. युए-श्याला पडले नाही. गुरुजी पहिल्यांदा चहाला बसले होते तेव्हा थेंबांची बाटली त्यांच्या कपाला टेकून उभी होती.

आज्ञा निघाली. नवव्या महिन्यात मोठ्या ग्वोंचे वर्ष भरेल, ओसरीवरच्या त्यांच्या वेगळ्या धूपपात्रातली राख पूर्वजांच्या पात्रात मिसळली जाईल, तोवर डोळ्यांना सुरी नाही, औषध नाही. आज पेटलेल्या पात्रातली राख पाण्यात कालवून त्याने डोळे धुवायचे. आणि गुरुजींच्याच व्हॅनमधल्या खास उदबत्त्या, आतापर्यंत वेळेला एक मूठ लावत होता ना, आता दोन मुठी.

"राखेने डोळे धुवायचे?" युए-श्या म्हणाली. "भांडी धुवायला ठीक आहे."

"सून का?" गुरुजींनी छिंग-फूला विचारले, आणि सगळे समजल्यासारखी मान हलवली. तेवढ्यावर गल्लीने तिच्याकडे पाहून घेतले.

त्या संध्याकाळी थेंबांची बाटली शीतकपाटातच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. युए-श्याने समजावले, रागावून पाहिले, जेवताना बाटली ताटाशेजारी ठेवून पाहिली.

"लग्न होऊन आलीस तेव्हा भात करपवत होतीस," सासूबाई म्हणाल्या. "आता मला देव शिकवतेस?"

"देव नाही शिकवत, आई. डॉक्टरांनी सांगितलेलं आठवण करून देतेय. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले होते. तुम्हीच ऐकलंत."

"डॉक्टरांनी मोठ्या ग्वोंनाही वाचवतो म्हटलं होतं."

नवऱ्याकडे पाहावे तर तो वाडग्यात चिकटलेला शेवटचा दाणा चॉपस्टिक्सने शोधत होता. "आईचं मन दुखवू नकोस," एवढेच तो म्हणाला. आईचे मन जपायचे आणि डोळे गेले तरी चालतील, असा हा मातृभक्त.

गुरुवार आला आणि गेला. युए-श्याने इस्पितळात फोन केला. तिकडच्या बाईंनी पुढच्या मंगळवारी जागा आहे म्हटले, त्यानंतर महिनाभर नाही; आणि थेंब एक दिवसही चुकवू नका, असे दोनदा बजावले. युए-श्या 'हो' म्हणाली आणि फोन ठेवून ओट्यावर हात आपटला. हात दुखला, बाकी काही झाले नाही.

तिचा नाश्त्याचा गाडा माझू देवीच्या देवळाला लागून होता. अंड्याच्या पोळ्या भाजायच्या, सोयाचे दूध उकळायचे, आणि पहिला पेला देवळाचे राखणदार लाय आजोबा यांना नेऊन द्यायचा, हा रोजचा नेम. शुक्रवारी सकाळी ती पेला घेऊन गेली तेव्हा आजोबा देवीसमोरच्या हंड्याएवढ्या धूपपात्रात हात घालून जळक्या उदबत्त्यांच्या लाल काड्या उपसत होते, मूठ मूठ काढून बादलीत टाकत होते. हे दृश्य तिने वर्षानुवर्षे पाहिले होते. विचारले कधीच नव्हते.

"रोज उपसता, आजोबा?"

"रोज दोनदा. सणाला तासातासाला."

"का?"

"का म्हणजे? नाही उपसलं तर पेटेल ना सगळं. वाळका बांबू तो. एकटी काडी असली तर टोकाशी येऊन विझते. शंभर जणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या की एकीची आग दुसरीला लागते."

युए-श्याच्या हातातला पेला गार होत गेला. घरचे पात्र कोण उपसते? सासूबाई. कधी? वर्षातून एकदा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यात चोविसाव्या तिथीला, देव स्वर्गात गेले की. एरवी पात्राला हात लावायचा नाही, पूर्वज अस्वस्थ होतात. आणि यंदा? यंदा सासरे गेलेले. सुतकाच्या वर्षात घराने पात्र साफ करायचे नसते. म्हणजे सव्वा वर्षाच्या काड्या त्या पात्रात दाटून उभ्या होत्या, आणि वर गुरुजींनी रोज सकाळ-संध्याकाळ मूठभर उदबत्त्या पेटवायला सांगितल्या होत्या. पात्र बोलणार नाही तर काय करणार?

एक गोष्ट मात्र तिला अडली. गावात आणखी दोन पात्रे याच महिन्यात पेटली होती, दोन्हींचे भाकीत गुरुजींचेच, आणि दोन्ही घरांत गेल्या वर्षी कोणीतरी गेलेले. परगावच्या या माणसाला ती घरे सापडली कशी? उत्तर घरी परतताना मिळाले, चालता चालता. गल्लीतल्या प्रत्येक दारावर नववर्षाच्या लाल कागदी पट्ट्या होत्या, उन्हाने थोड्या विटलेल्या. पट्ट्या नसलेले दार एकच होते, तिचे. सुतकाच्या घरी लाल कागद लावत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरुजींनी फक्त व्हॅन हळू चालवली होती.

तिने हे सगळे नवऱ्याला सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी.

"असेलही," तो म्हणाला. "पण दिवस कसा बरोबर सांगितला?"

"दिवस कुठे सांगितला? एकवीस दिवस सांगितले, तेही 'आत'. बारुदाच्या कोठारात रोज दोनदा काडी ओढायला लावून मीही सांगेन."

"मग काड्या उपसून टाक तू."

"मी? उद्या आईंना ठेच लागली तरी सुनेने पात्राला हात लावला म्हणून लागली, असं होईल. तू उपस."

छिंग-फूला अचानक दुकानातले काम आठवले.

रविवारी गुरुजी शांती करायला येणार होते. सगळी गल्ली जमली. युए-श्याने दारात स्टूल मांडले आणि त्यावर नववर्षाला आलेल्या बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. त्यात देवळातली राख भरली होती आणि लाय आजोबांच्या बादलीतल्या काड्या गच्च खोचल्या होत्या. आजोबाही आले होते, हातात पंखा घेऊन.

"हा बिस्किटांचा डबा आहे," ती म्हणाली. "यात कोणाचेही पूर्वज नाहीत. उदबत्त्या मात्र गुरुजींच्या आहेत."

तिने दोन मुठी पेटवून काड्यांच्या मधोमध रोवल्या. लोक कंटाळून कुजबुजू लागले, कोणी हसले. मग उदबत्त्या खालपर्यंत जळत आल्या, एक काडी लाल झाली, शेजारची झाली, आणि डब्यातून हातभर ज्वाळा उठली. बाजूवर छापलेली बिस्किटे तडतडून काळी पडली.

गुरुजी दोन पावले पुढे आले, त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"पाहिलंत? मोठे ग्वो डब्यात उतरले."

आणि पेंग काकूंनी डब्याला नमस्कार केला. मागच्या चौघांनीही केला. युए-श्याला रडावे की हसावे कळेना. तेवीस वर्षे ज्या माणसांत काढली, ज्यांना रोज अंड्याची पोळी बांधून दिली, ती माणसे बिस्किटांच्या डब्यापुढे वाकली होती.

"काकू, डबा तुमच्याच घरून आला होता ना नववर्षाला? उरलेली बिस्किटं कोणी खाल्ली, तेही विचारा त्यांना." मग ती गुरुजींकडे वळली. "गावात पंधरा गल्ल्या आहेत. तुम्ही तीन घरी थांबलात. तिन्ही दारांवर लाल कागद नाही, तिन्ही घरांत यंदा पात्र साफ झालेलं नाही. लाल कागदवाल्यांच्या पूर्वजांना राग येत नाही का?"

"सूनबाई, ज्याच्या घरी दुःख, त्याच्याच घरी मी जातो."

हे ऐकून लोकांनी माना डोलावल्या. सफाईदार उत्तर होते, मानायला हवे. आणि मंगळवार दोन दिवसांवर होता.

तेव्हा ओसरीवर बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला.

"लाय भाऊजी, तुम्ही माझूचं पात्र रोज उपसता?"

"रोज, वहिनी. चाळीस वर्षं."

"तिथं कधी पेटलं?"

"एकदाच. मला ताप होता म्हणून चार दिवस उपसलं नव्हतं, तेव्हा."

"आणि रोज हात लावता म्हणून देवी रागावली?"

"अजून तरी काही म्हणाली नाही."

सासूबाई उठल्या. भिंतीला धरत आत गेल्या, मागोमाग दारापर्यंत गल्ली. गुरुजी म्हणाले, आज तिथी चांगली नाही, वर्षाच्या आत पात्राला हात लावला तर मोठ्या ग्वोंना—

"मोठे ग्वो माझे," सासूबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं चोविसाव्या तिथीला हे काम मीच केलंय. ते समोर बसून शेंगदाणे खायचे. राख सांडू नको म्हणायचे, बस."

त्यांना दिसत नव्हतेच फारसे. बोटांनी चाचपडत त्यांनी पात्र शोधले आणि काड्या उपसायला लागल्या. सगळ्या काढून झाल्यावर राख तळहाताने सारखी केली, गुरुजींच्या दोन मुठी उदबत्त्या मागून घेतल्या आणि रोवल्या.

सगळे वाट पाहत बसले. उदबत्त्या खाली आल्या, टोकाशी आल्या, आणि एकेक करून विझल्या. पात्र बोलले नाही. हे पाहायला गुरुजी मात्र नव्हते. दुसऱ्या गावाहून बोलावणे आले म्हणून ते निघून गेले होते, आणि त्यांना कोणी अडवले नाही. पेंग काकूंनी तर जाताना वाकून नमस्कारही केला.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा वाचला. डाव्या डोळ्याची अर्धी नजर मात्र त्या बिनथेंबांच्या दिवसांत गेली, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे ती परत आली नाही. आता त्या बाजूला कोणी बसले की सासूबाईंना पूर्ण मान वळवावी लागते. छिंग-फू त्या बाजूला बसत नाही.

थांग गुरुजींची व्हॅन कुठल्यातरी गावात हळूहळू चालत असेल, लाल कागद नसलेले दार शोधत. पकडले त्यांना कोणीच नाही, आणि हेच युए-श्याला सर्वात जास्त सलते. म्हणून गावात सुतक पडले की ती नाश्त्याच्या गाड्यावरचा चिमटा घेऊन त्या घरी जाते आणि सांगते, पूर्वजांचा मान ठेवा, पण काड्या उपसा. रडा, उदबत्ती लावा, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध वेळेवर घ्या. लोक तिला आगाऊ म्हणतात. एका घराने दार लावून घेतले.

त्या दिवशी ती चिडून घरी आली आणि चिमटा ओट्यावर आदळला.

सासूबाईंनी पूर्ण मान वळवून तिच्याकडे पाहिले. "उद्या मला घेऊन चल," त्या म्हणाल्या. "माझा डोळा दाखवते त्यांना."