थाळीचं रडणं

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. माझा दांडा बदललेला आहे, डोकं मात्र मूळचंच.

कोरियातल्या एका डोंगराळ गावात, तांबं आणि कथील वितळवून काशाच्या थाळ्या घडवणाऱ्या तोक-पेच्या हातात मी आयुष्य काढलं. सणासुदीला शेतकरी या थाळ्या वाजवत गावभर नाचतात. थाळी घडवणं पुष्कळांना जमतं, तिचा आवाज उठवणं कठीण. त्याला इथे 'रडणं धरणं' म्हणतात. हलके ठोके घालायचे, वाजवून ऐकायचं, पुन्हा ठोके. रडणं धरलं की थांबायचं. एक ठोका जास्त पडला की थाळी गेलीच. तोक-पे कधी चुकला नाही. त्याचं कौतुक झालं की मीही मनातल्या मनात फुशारून जायचो.

पुढे तो म्हातारा झाला. यंदा पाखरं कुठे गेली, असं विचारू लागला. पाखरं अंगणातच होती. उठताना त्याचा तोलही जायचा. डॉक्टरांनी त्याच्या मुलीला, मल-ईला समजावलं, की कानाच्या आत खोलवर केसांसारखे नाजूक तंतू असतात. वयाबरोबर ते मरतात आणि बारीक आवाज आधी जातात. तोल सांभाळणारा भागही तिथेच असतो.

तोक-पेने ते उडवून लावलं. "मी ठणठणीत आहे. यंदाचं कथीलच भेसळीचं आलंय."

"कथील तेच आहे, अप्पा."

"आणि तू हल्ली तोंडात भात धरून बोलतेस."

सुगीच्या सणासाठी गावच्या पथकाची थाळी करायची होती. थाळीने रडणं धरलं, ते मला दांड्यापर्यंत जाणवलं. तोक-पेला काही ऐकू आलं नाही. त्याने मला पुन्हा उचललं.

"बस, अप्पा! धरलंय!" भट्टीपाशी बसलेली मल-ई ओरडली. तिचा आवाजही बारीकच. मी खाली आलो आणि थाळी तडकली.

त्याने तडा पाहिला, मग मुलीचं तोंड पाहिलं.

"ओरडलीस?"

तिने मान डोलावली.

"म्हणजे कथील चांगलं होतं," तो म्हणाला आणि त्याने मला तिच्या हातात दिलं. त्या हाताची मला आजही सवय झालेली नाही.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू आलं नाही तर वैतागू नका. समोर बसून सावकाश बोला. त्याचं काय हरवलंय, ते त्यालाच सगळ्यांत उशिरा कळतं.

परवा मल-ईची थाळी सुरेख रडली. म्हातारा शेजारीच बसला होता.

"कशी रडली गं?"

तिने त्याचा तळहात थाळीवर ठेवला आणि माझा एक हलका ठोका घातला. हात लागला की थाळीचा आवाज दबतो. आम्हाला तो ऐकूच आला नाही. जेवढा होता, तेवढा त्याच्या हातात गेला.