माझ्या बुडावरचं नाव

मी ओलावामापक बोलतोय. मंगरूळपीरच्या धान्यबाजारात मला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. मूठभर सोयाबीन माझ्या पोटात टाका, दाण्यात पाणी किती ते मी आकड्यात सांगतो. आकडा जास्त आला की शेतकरी शिव्या घालतात, कमी आला की व्यापारी. बारा वर्षं दोघांचं ऐकून घेतलं, पण मी खोटं बोललो नाही.

माझे मालक जानराव अडते. कुणी पळवू नये म्हणून त्यांनी माझ्या बुडावर ऑइलपेंटने दुकानाचं नाव लिहून घेतलंय. यंदा ऐन हंगामाच्या तोंडावर माझा आकडा उड्या मारू लागला. मशीनं दुरुस्त करणाऱ्या मुनाफच्या हाती मला सोपवून जानरावांनीच त्याला विमानाचं तिकीट काढून दिलं. दिल्लीच्या कारखान्यातून मला लगोलग दुरुस्त करून आणायचं होतं. मुनाफ जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होता, त्याने मला नव्या टॉवेलात गुंडाळलं.

विमानतळावर रांगेत पुढे एक तरुण होता. ‘माझ्या बॅगेत बॉम्ब आहे,’ असं तो हसत म्हणाला आणि धावपळ उडाली. सगळ्यांच्या बॅगा उपसल्या, त्यात माझ्या लोंबत्या वायरी दिसल्या. पोलिसांनी मला उलटंपालटं केलं, बुडावरचं नाव वाचलं, कारखान्यात फोन लावला आणि संध्याकाळी मुनाफला आणि मला सोडून दिलं. विमान केव्हाच गेलं होतं, आम्ही तसेच गावी परतलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो तरुण आतल्या पानावर होता: ‘उद्योजकपुत्राची गंमत अंगलट’. नाव नाही. पहिल्या पानावर मुनाफचं पूर्ण नाव, गाव आणि माझा वरून काढलेला फोटो: ‘बॉम्बसदृश यंत्रासह संशयित ताब्यात, मंगरूळपीर कनेक्शन?’

पाचव्या दिवशी निविदांच्या खाली तीन ओळींचा खुलासा आला. यंत्र निरुपद्रवी निघालं म्हणे. मुनाफचं नाव त्यात नव्हतंच.

ते कात्रण घेऊन मुनाफने बाजार पालथा घातला. बारा वर्षं माझ्या पोटात सोयाबीन ओतणारे त्याला दारात उभं करेनात. शेवटी तो मला घेऊन जानरावांकडे गेला.

“भाऊ, तुमी एकडाव सांगा ना सगळ्याइले, मशीन तुमचं हाय म्हून.”

जानरावांनी शटर अर्धं ओढलं. “मले काहून गुतवतं त्याच्यात? उद्या पेपरवाले माह्यं नाव छापतीन.”

“मंग माह्यं छापलं, त्याचं काय?”

जानरावांनी शटर आणखी खाली ओढलं. “म्या नवं मशीन घेतलं. हे तुह्याजवळच राहू दे. अन् ते बुडाचं नाव तेवढं घासून टाक.”

आता मी मुनाफच्या दुकानात पडून आहे. चार महिन्यांत इथे कुणी फिरकलेलं नाही. मुनाफने पॉलिशपेपर आणून ठेवलाय. दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवून दिला. उद्या मात्र तो घासणार. एवढं ऐकलं तर जानरावभाऊ पुन्हा काम देतील, असं त्याला वाटतं. किती भोळा माणूस! अरे, घासू नकोस, तीच तर तुझी साक्ष आहे! पण मला आकड्यांशिवाय दुसरं काही बोलताच येत नाही.

पेपर वाचणाऱ्यांनो, माझा फोटो तुम्ही घरोघरी पाहिलात. पाया पडतो, उद्याच्या आत कुणीतरी या दुकानात या आणि मला एकदा उलटं करून पाहा.