पांढऱ्या खांबांचं घर

हॅडली प्रुइटच्या आईने तिला पाळण्यात असल्यापासून सांगितलं होतं, की तू कॉलेजला जाशील तेव्हा पांढऱ्या खांबांच्या घरातच जाशील. आजी त्या घरातल्याच सोरॉरिटीची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या मंडळाची, आई तिचीच, मावशीसुद्धा. आईच्या कपाटात सोरॉरिटीची सोन्याची एवढीशी पिन मखमलीच्या डबीत ठेवलेली असायची, आणि हॅडलीला ती फक्त बघायची मुभा होती.

मेरिट टॉलिव्हरचं तसं काहीच नव्हतं. मिसिसिपीतल्या हॅडलीच्याच छोट्या गावातली, तिची पहिलीपासूनची मैत्रीण. तिची आई केस कापायचं दुकान चालवायची आणि सोरॉरिटी म्हणजे काय हे तिने गिऱ्हाइकांच्या तोंडूनच ऐकलं होतं. ऑगस्टमध्ये दोघी कॉलेजच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहायला आल्या, तेव्हा हॅडलीनेच आग्रह धरला.

"चल गं, सोरॉरिटीच्या निवडीला नाव तर नोंदव. मला एकटीला कंटाळा येईल."

"अगं, माझ्याकडे कपडे कुठे आहेत त्यासाठी?"

"माझा निळा ड्रेस घाल. मला तो दंडात घट्टच होतो."

खरं तर घट्ट बिट्ट काही होत नव्हता. हॅडलीने तो मनापासून दिला होता, आणि नंतर हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त सलत राहिली.

आठवडाभर हजारएक मुली उन्हात घामाघूम होत सोरॉरिटीच्या एका घरातून दुसऱ्या घरात जात होत्या. दारं उघडली की आतल्या मुली टाळ्या वाजवत गाणं म्हणायच्या, मग हात धरून आत न्यायच्या, लिंबूपाणी द्यायच्या आणि गप्पा मारता मारता पारखायच्या. रोज सकाळी फोनवर यादी यायची, आज कोणत्या घरांनी परत बोलावलंय त्याची. हॅडलीने उत्तरं पाठ केली होती. मेरिट मात्र तोंडाला येईल ते बोलायची. पांढऱ्या खांबांच्या घरात तिने आईच्या दुकानातली गोष्ट सांगितली. पाद्रीबाईंचे केस चुकून हिरवे झाले आणि त्या तशाच रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. चार मुली पोट धरून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आणि हा ड्रेस! काय शोभतोय तुला!"

शेजारीच उभ्या असलेल्या हॅडलीने कपातला बर्फ चावून खाल्ला.

शुक्रवारी सकाळी यादी आली. हॅडलीच्या यादीत पांढऱ्या खांबांचं घर नव्हतं. तिने फोन बंद करून पुन्हा सुरू केला. तरी नव्हतं. मेरिट पलंगावर पाय दुमडून बसली होती, तिने फोन पटकन उशीखाली सरकवला.

"तुझ्या यादीत आहे ना?" हॅडलीने विचारलं.

"हॅडली, मी नाही जात तिथे. खरंच."

"वेडी आहेस का? जा की." हे म्हणताना तिचं तोंड तेवढं हसत होतं. तिने आईला फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "आणि टॉलिव्हरांच्या मुलीला बोलावलं? तिला?" त्या 'तिला'मध्ये हॅडलीला आपलाच आवाज ऐकू आला.

दुपारी कॉफीच्या दुकानात कॅमिल भेटली. त्यांच्याच गावची, दोन वर्षांनी मोठी आणि पांढऱ्या खांबांच्या घरातली. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बाहेर बोलायची परवानगी नाही आम्हाला. पण तुझं ऐकून वाईट वाटलं गं. माझ्या हातात नव्हतं."

"असू दे."

"मेरिट तुझी मैत्रीण ना? सगळ्यांना भारी आवडलीय. कशी आहे गं ती?"

'चांगली आहे' म्हणायला किती वेळ लागतो? हॅडलीने कपाचं झाकण दाबलं, काढलं, परत दाबलं.

"खूप गोड आहे. फक्त... तिचा गावाकडे मित्र आहे. ख्रिसमसला लग्न करून कॉलेज सोडायचा विचार चाललाय तिचा. कुणाला बोलू नकोस हं."

मित्र होता, पण लग्नाचा विषयसुद्धा कधी निघाला नव्हता.

रविवारी हिरवळीवर सगळ्या मुलींनी शेवटच्या निवडीची पाकिटं एकदम फोडली. किंकाळ्या, रडणं, मिठ्या. हॅडलीला कोपऱ्यावरच्या विटांच्या घराचं बोलावणं आलं होतं. मेरिटलाही तिथलंच. मेरिटचे डोळे भरून आले, मग तिने ते मनगटाने पुसले. "त्यांना नको असेन मी. जाऊ दे. आपण दोघी एकत्र तरी आहोत!" म्हणत तिने हॅडलीला घट्ट मिठी मारली. त्या मिठीत हॅडलीला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्या आधी वाटला तो आनंद.

तो महिनाभरही टिकला नाही. विटांच्या घरातही मुली मेरिटभोवतीच गोळा व्हायच्या. नव्या तुकडीने अध्यक्ष निवडायची वेळ आली, तेव्हा हॅडलीने स्वतःचं नाव पुढे केलं होतं. बेचाळीसपैकी सहा मतं मिळाली, आणि त्यातलं एक मेरिटचं होतं, हे तिने स्वतःच सांगितलं. हॅडलीला ते दान दिल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबरात, फुटबॉलच्या सामन्याआधी, तंबूखाली कोंबडीचे तुकडे आणि गोड चहा चालू असताना कॅमिल मेरिटला भेटली.

"काय गं, लग्नाची तयारी कुठवर आली?"

"कुणाच्या लग्नाची?"

"तुझ्याच. ख्रिसमसला ना? त्यामुळेच तर आमच्या पोरी मागे सरल्या. हॅडलीच म्हणाली..." कॅमिलचं वाक्य अर्ध्यातच थांबलं.

मेरिट वळली. हॅडलीच्या हातात कागदी ताटली होती. तिने ती उगाचच सरळ धरली.

"तू म्हणालीस?"

"हो."

"का?"

हॅडलीला बरंच काही सांगता आलं असतं. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "ते माझं घर होतं."

मेरिटने आपल्या हातातली ताटली खाली ठेवली. ती निघून गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने खोली बदलली.

विटांच्या घरात सभासदत्वाची शपथ घ्यायच्या आधी घराच्या अध्यक्षेने एकेका नव्या मुलीला बोलावून विचारायची पद्धत होती, तुमच्या तुकडीत कुणाबद्दल तक्रार आहे का? खोटं बोलून दुसरीचं नुकसान करणारीला तिथे थारा नव्हता. हॅडली दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी शपथ घेणाऱ्यांची यादी लागली. सगळ्या बेचाळीस जणींची नावं होती.

तिने मेरिटला जिन्यात गाठलं. "तू सांगितलं नाहीस."

"नाही."

"थँक यू. मेरिट, मला खरंच..."

"तुझ्यासाठी नाही केलं," मेरिट म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या आईने मला सायकल शिकवलीय. ती घरी बसून रडली असती. बस्स. आणि आता मला तुझ्याशी बोलायचं नाही, निदान काही दिवस."

ती धाडधाड जिना उतरून गेली. खाली कुणीतरी तिला हाक मारली, ती काहीतरी म्हणाली, आणि खालचे सगळे हसले. हॅडली कठड्याला धरून उभी राहिली. आपण चुकलो हे तिला कळत होतं, माफी मागायची हेही ठरलं होतं. पण ते हसणं वर आलं तशी ती कठड्यावरून खाली वाकली. मेरिट खाली काय म्हणाली असेल, हे तिला कळायलाच हवं होतं.