लेडीज सायकलला दुधाचं कॅरियर

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. भूमच्या बाजारपेठेत एक सहकारी संघ होता. त्याच्याकडे विकत घ्यायला ज्वारी नव्हती आणि विकायला बियाणं नव्हतं, म्हणून संचालकांनी विचार करून सायकली मागवल्या. तीन आल्या. व्यवस्थापक आबारावांनी त्या खताच्या रिकाम्या गोदामात भिंतीला टेकवून ठेवल्या आणि रोज सकाळी फडक्यानं पुसायला सुरुवात केली. गिऱ्हाईक काही आलं नाही.

सत्यभामा बनसोडे हे पहिलं गिऱ्हाईक. ती नर्सबाई होती. तिचं उपकेंद्र आडवाटेला होतं, आणि तिथून पुढं पाझर तलावाच्या कामावर जायचं असे. मजूर बायकांना तपासायचं, त्यांच्या पोरांना गोळ्या द्यायच्या. एस्टी फाट्यावर सोडून जायची, तिथून पुढं पायी. ती पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आलेली असत आणि पोरं गोळ्या न घेताच झोपलेली असत. सायकल तिला येत होती. सोलापूरला ट्रेनिंगच्या होस्टेलात सगळ्याजणी एकाच सायकलवर शिकल्या होत्या.

नवरा बब्रुवान एस्टीत कंडक्टर होता. जिथं एस्टी जात नाही तिथं जाण्यासारखं काही नसतं, असं त्याचं मत होतं. बायकोनं सायकल घेणं म्हणजे महामंडळावर अविश्वास दाखवणं. पण तसं तोंडावर म्हणता येईना, म्हणून तो एवढंच म्हणाला, "बघा. साडी चेनीत अडकंल."

सासू सरुबाई इतका वेळ रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "सायकल म्या बघून घेनार."

सत्यभामाला वाटलं, चेष्टा आहे. सरुबाई चेष्टा करत नसत.

"तुमाला कशाला तरास, आत्याबाई?"

"ड्यूटीला तू जाशील. रविवारी म्या जाईन. मथुराकडं."

मथुराबाई ही त्यांची धाकटी बहीण. येरमाळ्याच्या अलीकडं एका गावात राहायची. त्या गावाला एस्टी नव्हती. दुष्काळ पडल्यापासून दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या.

"तुमी कशा जानार सायकलवर?"

"मागं बसून," सरुबाई म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

बाजारच्या दिवशी सासू-सून गोदामात गेल्या. आबाराव खुर्चीत बसले होते. त्यांनी उठून सायकली दाखवल्या, पण दुसरी खुर्ची काही मागवली नाही. सरुबाईंनी गोदामभर नजर फिरवली.

"खुर्ची नसंल तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आमाला ह्याच्यावरच बसायचंय."

पहिली सायकल होती वाकड्या हँडलची, बारीक चाकांची. ती कुणी मागवली हे संघाला माहीत नव्हतं. "शर्यतीची हाय," आबाराव म्हणाले. "वाऱ्यावानी पळती." सरुबाईंनी मागं जाऊन पाहिलं. कॅरियर नव्हतं. त्या सायकलीकडं त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

दुसरी लेडीज. हिरवी, पुढं टोपली, मागच्या चाकाला जाळी, चेनवर पुरं कव्हर. सत्यभामाला ती बघताक्षणी आवडली. साडी नेसून बसता येत होतं, पाय टेकत होते, घंटी छान वाजत होती. सरुबाईंनी पदर खोचला, आबारावांना हँडल धरायला लावलं आणि कॅरियरवर बसल्या. कॅरियर कुरकुरलं, मग हळूच मडगार्डला जाऊन टेकलं.

"ह्ये मानसासाठी न्हाय," सरुबाई उतरत म्हणाल्या. "ह्ये वहीसाठी हाय."

तिसरी काळी, दुहेरी दांडीची, गवळ्यांची. हिचं कॅरियर म्हणजे लहानशी बाजच. दुधाच्या कॅन राहाव्यात म्हणून जाड सळयांचं केलेलं, आणि सायकल उभी करायचा घोडाही तसाच दणकट. सरुबाई त्यावर बसल्या, मांडी घातली, गोदामाबाहेर जमलेल्या लोकांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ही घे."

"आत्याबाई, हिची दांडी आडवी हाय. साडीत टांग कशी टाकू?"

सरुबाईंना ते पटलं. त्या उतरल्या नाहीत, पण पटलं. जरा वेळानं म्हणाल्या, "मंग ह्येचं कॅरियर त्येला लावा."

आबाराव पंधरा वर्षं सहकारात होते. असं काही त्यांच्याकडं आलं नव्हतं. "बाई, सायकल अख्खी विकायची असती. एकीचं काढून दुसरीला म्हंजी मालात फेरफार झाला. मला अधिकार न्हाय. संचालक मंडळापुढं ठेवावं लागंल."

"ठेवा," सरुबाई म्हणाल्या.

संचालकांच्या बैठकीला त्या महिन्यात दुसरा विषयच नव्हता. आयत्या वेळच्या विषयांत कॅरियरचा विषय निघाला आणि चहा येईपर्यंत चालला. एका संचालकानं विचारलं, सासू हे वजन धरायचं का माणूस? वजन धरलं तर दुधाचं कॅरियर देणं योग्य. माणूस धरलं तर सायकलीवर डबलसीट, त्याला पोलीस हरकत घेतील. दुसरे म्हणाले, पोलीस पाण्याच्या टँकरवर आहेत. शेवटी सासू वजन धरण्यात आली आणि ठराव सर्वानुमते झाला. दुधाची सायकल लेडीज कॅरियर लावून एका संचालकांनीच नेली. त्यांच्या म्हशी चारा छावणीत होत्या आणि दूध असं काही नव्हतंच.

सत्यभामा रोज कामावर जाऊ लागली. मोठ्या कॅरियरवर औषधांची पेटी सुतळी न बांधताही राहायची. ती आता उन्हाआधी पोचायची आणि पोरं जागी सापडायची.

पहिल्या मोकळ्या रविवारी सासू-सून निघाल्या. कॅरियरवर घोंगडीची घडी, तिच्यावर सरुबाई, मांडीवर पाण्याची कळशी. सत्यभामा पायडल मारत होती. पुढचं तिला दिसत होतं, मागचं सरुबाईंना. शेतं दोन्हीकडं सारखीच होती, त्यामुळं बोलण्यासारखं काही नव्हतं.

घरात दोघींचं बोलणं पीठ, पाणी आणि बब्रुवानची ड्यूटी एवढ्यावर चाले. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तेवढंच. चिंचेचं एक झाड मागं पडल्यावर सरुबाईंनी पाठीमागून विचारलं, "सत्या, तुला पोरगं होत न्हाय का तू होऊ देत न्हाइस?"

सत्यभामाचं हँडल हललं. ती गावोगाव बायकांना हाच प्रश्न विचारत हिंडायची. तिला कुणी विचारला नव्हता. समोर सासूचं तोंड असतं तर तिनं काहीतरी सांगून वेळ मारली असती. समोर रस्ता होता.

"होऊ देत न्हाय," ती म्हणाली.

"बब्रूला ठावं हाय?"

"हाय."

"आन मला न्हाय."

"न्हाय."

सत्यभामाला वाटलं, आता त्या उतरतील आणि पायी माघारी जातील. मान वळवून बघायची तिची हिंमत झाली नाही.

"किती दिस न्हाय?" सरुबाईंनी विचारलं.

"पाऊस पडंपत्तूर तरी. दिसभर पाळण्यातली पोरं बघते, आत्याबाई. काटक्या झाल्यात त्येंच्या."

"म्या बी बघते की. डोळं हायत मला." कळशीतलं पाणी हिंदकळलं. "सांगायचं व्हतंस. म्या शेजारनीच्या हातनं देवीला नवस बोलून बसले. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासनं पयलाच. आता त्यो माघारी कसा घ्यावा?"

सत्यभामाला हसू फुटलं. ते मागं कळू नये म्हणून तिनं घंटी वाजवली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

घाट आला तशा दोघी उतरल्या. सुनेनं हँडल धरलं, सासूनं मागून ढकललं. वर पोचल्यावर पाण्याची कळशी आधी सरुबाईंनी सुनेपुढं केली.

मथुराबाई घरी नव्हती. गावाबाहेर रस्त्याच्या कामावर खडी फोडत बसली होती. तिकडं सुट्टी बाजारच्या दिवशी असे. पांढऱ्या धुळीनं तिचे केस, भुवया, लुगडं सगळं एकाच रंगाचं झालं होतं. सरुबाई कॅरियरवरून उतरल्या आणि तिच्यासमोरून पुढं चालत गेल्या.

"अक्के!" मागून हाक आली.

सरुबाई वळल्या. "जयभीम" दोघींच्याही तोंडातून अर्धाच निघाला. सरुबाईंनी पदरानं बहिणीचं तोंड पुसलं. धूळ निघून सुरकुत्या दिसल्या, तेव्हा पुसायचं थांबवलं. मग खाली बसल्या, बहिणीच्या हातातली हातोडी घेतली आणि खडी फोडू लागल्या. मुकादमानं लांबून विचारलं, ही बाई कोण. "बदली हाय," मथुराबाई म्हणाली.

दुपारी मजुरांना सरकारी सुकडी वाटली, बदलीलाही मिळाली. तिघींनी दोघींचा वाटा खाल्ला. सत्यभामानं मथुराबाईच्या हाताचे फोड बघून त्यांना जांभळं औषध लावलं, तर आजूबाजूच्या बायकाही हात पुढं करून बसल्या. औषध संपलं तेव्हा ऊन कलू लागलं होतं.

"चला, आत्याबाई."

सरुबाई हलल्या नाहीत. "म्या ऱ्हाते. हिला एकटीला ढीग उपसत न्हाय."

"आन घरी ह्ये..." सत्यभामाला नवऱ्याचं नाव सासूसमोर घेववेना.

"त्यो खाईल भाजून. म्हयन्यानं ये." मग खडीवर हातोडी मारता मारता, वर न बघता, त्या म्हणाल्या, "आन सत्या, शेजारीन इच्यारंल तर काय बी बोलू नगंस. म्या आल्यावर बोलते तिला."

सत्यभामा एकटीच निघाली. सायकल एवढी हलकी झाली होती की पहिल्यांदा तिला चालवताच येईना. हँडल इकडंतिकडं जात राहिलं. घाटाच्या तोंडाशी ती थांबली. साडीचा घोळ नीट खोचला, पुढंमागं कुणी नाही असं बघितलं, आणि खालच्या वळणापर्यंत ब्रेकला हात लावला नाही.